मंगलचं धनुष्य आणि माझी नो-लोड ट्रायल

सासुरवाडीत जावयाचा मान किती वर्षं टिकतो याबद्दल लोकांची वेगवेगळी मतं आहेत. माझा चार वर्षं आणि एक रविवार टिकला.

मी रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर. गाव निमोणे, राहायला कारेगावात दोन खोल्या, आणि बायकोचं, म्हणजे शोभाचं, माहेर यवत. मेंटेनन्सच्या माणसाला एक वाईट खोड असते. कुठलंही यंत्र कुरकुरलं की त्याला वाटतं, हे आपल्यालाच हाक मारतंय. एसटीत बसलो तरी मी कंडक्टरला सांगायचो की मागच्या चाकात खडखड आहे. (कंडक्टर म्हणायचा, तुम्ही उतरा, खडखड कमी होईल.)

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मामांच्या गुऱ्हाळातला ऊस पिळायचा चरक किंचाळायला लागला. मामा म्हणजे माझे सासरे. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक चरकाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणालो, "बेअरिंग कोरडं पडलंय." ग्रीसचे चार दट्टे दिले, किंचाळणं बंद. एवढीशी गोष्ट! पण मामांनी ती यवतच्या बाजारात अशी सांगितली की लोक मला बघायला आले. त्या दिवसापासून त्या घरात माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मी भाजीत मीठ कमी म्हणालो तर मामी स्वतःच्या जिभेवर संशय घ्यायच्या.

मंगल ही शोभाची धाकटी बहीण. कॉलेजात असताना दौंडच्या एका सरांनी तिला धनुष्यबाणाचा नाद लावला आणि हात चांगला आहे म्हणून क्लबचं एक धनुष्य सही घेऊन सरावाला घरी दिलं. हे जत्रेतलं बांबूचं धनुष्य नव्हे. कंपाउंड धनुष्य! मध्ये धातूची मूठ, वर-खाली दोन जाड पट्टे, पट्ट्यांच्या टोकांना चाकं, चाकांवरून फिरणारे दोर, नेम धरायचं साइट आणि पुढे निघालेली एक लांब दांडी. परदेशात असल्यांनी शिकार करतात म्हणे. ते यवतला आलं तेव्हा शेजारचे दोघं विचारून गेले, की उसातल्या रानडुकरांचा बंदोबस्त कधीपासून चालू करताय.

मामांना हा नाद पसंत नव्हता, पण त्यांनी एक सौदा केला होता. रविवारी दौंडला जिल्ह्याच्या टीमची निवड होती. मंगलचं नाव आलं तर तिनं शिकावं, खेळावं, मामा आडवे येणार नाहीत. नाही आलं, तर सोमवारी पाटसचे पाव्हणे तिला बघायला येणार होते आणि मुलगा चांगला होता, म्हणजे पुढचं सगळं ठरल्यातच जमा होतं. मंगल त्या दिवसांत जेवायलासुद्धा निशाणाकडे तोंड करून बसायची.

आणि गुरुवारी धनुष्य आवाज करायला लागलं.

शेजारच्या दुकानातून तिचा फोन आला तो शोभाला. बाण सोडला की टर्रर्र असा आवाज येतो, बाण पण इकडंतिकडं जातोय, आणि सर बैठकीसाठी पुण्याला गेलेत ते शनिवारी येणार. शोभानं मला न विचारता सांगून टाकलं, "रडतीस कशाला? उद्या ह्यांना सुट्टी हाय. येतूच आमी." फोनमध्ये तिच्या मागून मामांचा आवाज ऐकू आला, "सर कशाला पायजे? घरात जावई हाय की!"

हे ऐकून माझी छाती किती फुगली ते सांगत नाही. शुक्रवारी सकाळी मोटारसायकलच्या टाकीवर टूलबॉक्स, मागे शोभा, आणि न्हावरे, केडगाव चौफुला करत आम्ही यवतला. चौफुल्याला शोभा म्हणाली, "अवो, तुमी कंदी हातात तरी घेतलंय का धनुष्य?" मी म्हणालो, "मशीन ते मशीन." 

मामांच्या अंगणात पोहे झाले, चहा झाला, माझ्यासाठी खुर्ची आली. मग मंगलनं पेटी आणली. पेटीच्या झाकणाला आतून एक छापील कागद चिकटवलेला होता, इंग्रजीत, लाल अक्षरांत. आमच्या कंपनीत प्रत्येक मशीनवर असले लाल कागद असतात, आणि ते वाचणाऱ्या माणसाला आम्ही ट्रेनी म्हणतो. मी झाकण बाजूला केलं.

गुऱ्हाळामागं उसाच्या पाचटाचे गठ्ठे रचून तिनं निशाण केलं होतं. तिनं एक बाण मारला. टर्रर्र! आवाज खरंच होता. मी म्हणालो, "पुन्हा," आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन धनुष्याला कान लावायला पुढं गेलो. मंगलनं ताणलेली दोरी हळूच परत आणली. "दाजी, तुमी कान लावणार आसाल तर मी न्हाई मारायची." "का?" "कान जाईल."

मामी चुलीपासून ओरडल्या, "मंगल, दाजींना आसं बोलत्यात व्हय?"

पहिला उपाय ग्रीस. शिरूरहून आणलेला नवा डबा होता, त्यातलं दोन बोटं दोन्ही चाकांना, आणि दोर ज्या छोट्या आडव्या दांडीवरून सरकतात तिलाही. थोडं दोराला लागलं. मंगल म्हणाली, "दाजी, दोराला मेण लावत्यात, ग्रीस न्हाई." मी हसलो. अनुभवी माणूस ट्रेनीकडे बघून हसतो तसा. बाण मारला. टर्रर्र! वर ग्रीसचा एक ठिपका तिच्या गालावर आणि एक मामांच्या टोपीवर.

दुसरा उपाय, घट्ट करणे. पट्टे मुठीला जिथं बसतात तिथले दोन मोठे बोल्ट मला डोळ्यांत खुपत होते. मी एलन की, म्हणजे सहाकोनी टोकाचा वाकडा पाना, घातली आणि पिळायला लागलो. मंगल शेजारी बसून बोटांवर मोजत होती. "काय मोजतीस?" "तुमी किती येढं देताय ते. नंतर उलटं फिरवावं लागंल ना." मला तो अपमान वाटला, पण मी मोठ्या मनानं सोडून दिला. बाण मारला. आवाज होताच, आता दोरी ओढताना तिचा हातही थरथरायला लागला होता. ती मामांकडे बघत होती, मामा माझ्याकडे बघत होते आणि मी टूलबॉक्समध्ये बघत होतो.

खरं सांगतो, इथं मी थांबायला हवं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "दाजी, राहू द्या. उद्या सर येत्यात," ती म्हणाली. पण समोर मामा, मामी, शोभा आणि गुऱ्हाळावरचे दोन गडी, सगळे काम सोडून माझ्याकडे बघत उभे. अशा वेळी 'मला कळत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत. अजूनही निघत नाहीत.

तेव्हा मी काढला मेंटेनन्सचा हुकमी एक्का. आमच्याकडे मशीन आवाज करत असलं की पहिलं काम, लोड काढायचा. जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, बाजूला, मशीन रिकामं चालवायचं. रिकामं चालवूनही आवाज आला तर दोष मशीनचा, नाही आला तर दोष जॉबचा. याला म्हणतात नो-लोड ट्रायल. गेली अकरा वर्षं मी ती रोज करत होतो आणि त्यात कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"बाण काढ," मी म्हणालो. "रिकामं सोडून बघू."

मंगल ताडकन उठली. "न्हाई दाजी! रिकामं सोडायचं नस्तंय. सरांनी पयल्याच दिवशी..."

"मंगल," मामा म्हणाले. "पाव्हणं अकरा वर्सं कंपनीत हायेत."

"पण आबा..."

"उलटं बोलू नगंस."

मामांनी तिच्या हातातलं धनुष्य काढून माझ्या हातात दिलं. मी पाय रोवले आणि दोरी ओढली. ती आली नाही. पुन्हा ओढली. मीच पिळलेले बोल्ट मला आडवे आले. शोभानं तोंडाला पदर लावला. मग मात्र मी सगळं अंग घालून, दात खाऊन अशी ओढली की एकदम, कुणी पलीकडून सोडल्यासारखी ती हलकी झाली आणि हनुवटीपाशी येऊन थांबली. (हे धनुष्य असंच असतं, पूर्ण ताणलं की हलकं होतं. मला वाटलं, ग्रीसचा गुण.) मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. आणि सोडली.

आता त्या आवाजाचं वर्णन कसं करू? टर्रर्र नव्हता एवढं नक्की. फाडकन झालं आणि माझा डावा हात आहे की गेला ते कळेना. चरकाखाली झोपलेलं कुत्रं जे पळालं ते हायवे ओलांडून गेलं. झाडावरचे सगळे बगळे उठले.  मी हातात बघतो तर दोरी चाकावरून उडालेली, एक दोर आडव्या दांडीला गुंडाळलेला आणि बाकीचा खाली लोंबत होता.

 शेवटी मामी पदराला हात पुसत पुढं आल्या. "झाला का बंद आवाज?" त्यांनी अगदी भक्तिभावानं विचारलं.

मंगल रडली असती तर बरं झालं असतं.  मी म्हणालो, "काही नाही, सायकलची साखळी उतरते तसं झालंय, चढवतो," आणि मामांना एका पट्ट्यावर पाय ठेवायला सांगितलं. मामा बिचारे चप्पल काढून तयारसुद्धा झाले. पण मंगलनं धनुष्य माझ्या हातातून घेतलं, पेटीत ठेवलं, पेटी बंद केली आणि तिच्यावर बसली. संध्याकाळपर्यंत ती त्या पेटीवरून उठली नाही.

पुढचे काही तास माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट तास होते, कारण मला कुणी रागवेना! मामींनी माझ्या सुजलेल्या हाताला हळद लावली. मामांनी कोंबडं कापायला लावलं. एका पोरीचं नशीब मी दीड सेकंदात फोडलं होतं आणि ते लोक मला रश्श्यातले चांगले पीस वाढत होते. "घ्या की पाव्हणं, लाजताय काय?"  शोभा तेवढी वाढताना कानाशी म्हणाली, "आता कशाला हात लावलात तर मी हितंच राहीन, तुमी एकटं जा कारेगावला." ते ऐकून मला जरा बरं वाटलं.

मी कंपनीत रजा कळवली आणि शनिवारी दुपारी आम्ही वडाप जीपनं दौंडला सरांच्या घरी. मंगल, मामा, मी आणि मांडीवर पेटी. सर नुकतेच पुण्याहून आले होते. बारीक, शांत माणूस. त्यांनी पेटी उघडली, एकदा बघितलं आणि झाकण बंद केलं. मग पुन्हा उघडलं.

"रिकामं कुणी सोडलं?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण त्याआधी मामा पुढं झाले आणि टोपी काढून म्हणाले, "सर, माझ्या हातून सुटलं."

जावयाला परक्यासमोर खाली मान घालायला लावायची नाही, म्हणून बासष्ट वर्षांच्या माणसानं तो आळ आपल्यावर घेतला. आणि सरांनी त्यांना धुतलं. शांत माणूस चिडला की काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. वयाचा विचार नाही, टोपीचा नाही. "अहो, पोरगी दोन वर्षं मरमर करतेय. बाण नसताना दोरी सोडली की तो सगळा जोर धनुष्याच्या अंगात जातो. फुटून तुमचा डोळा गेला असता. आणि हे ग्रीस? हे कुठलं डोकं?" मामा मान खाली घालून ऐकत होते. मग सर माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही तरी अडवायचं ना त्यांना."

आणि मी मान हलवली. (हे लिहितानाही माझे कान गरम झालेत.)

"सर," मंगल म्हणाली. आवाज बारीक होता पण दाराबाहेर ऐकू जाईल असा. "आबांनी न्हाई सोडलं. दाजींनी सोडलं. मी नगं म्हणत हुते. मला कुणी बोलू दिलं न्हाई."

मामांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, "हो. मीच." एवढं बोलायला मला एक अख्खा दिवस लागला होता.

 सरांनी आपल्या बायकोकडून वातींचा कापूस मागून घेतला. कापसाचा बोळा पट्ट्यावरून हळूहळू फिरवायचा. कुठं बारीक चीर असली तर तंतू अडकतो. अडकला तर धनुष्य संपलं आणि सोमवारी पाटसचे पाव्हणे. वरचा पट्टा झाला. खालच्या पट्ट्याला मध्यावर बोळा किंचित थांबला. मंगलनं माझा दंड धरला, सुजलेलाच. सरांनी बोट फिरवून बघितलं, फडक्यानं पुसलं. ग्रीस होतं. बोळा पुन्हा फिरवला, तो टोकापर्यंत गेला.

मग त्यांनी हातानं फिरवायच्या शिकंज्यात धनुष्य दाबून दोरी चाकांवर बसवली, मंगलनं मोजलेले वेढे उलटे फिरवले, ग्रीस काढलं, मेण लावलं. सगळ्यात शेवटी साइटचा एक छोटा स्क्रू बोटानं हलवून बघितला. तो ढिला होता. एलन कीचा पाव वेढा. "हा तुझा टर्रर्र," ते म्हणाले. पाव वेढा! मंगल माझ्याकडे बघत नव्हती, हे तिचे उपकार. जाताना सर म्हणाले, "उद्या मार. पण पट्ट्याला आतून काही झालं असेल तर ते मला दिसत नाही. टिकला तर टिकला."

रविवारी दौंडच्या मैदानावर मी, शोभा, मामा आणि मामी बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे एका ओळीत उभे. मंगल बाण सोडायची आणि आम्ही चौघं डोळे मिटायचो. बाण कुठं लागला यापेक्षा पट्टा जागेवर आहे का हे आधी बघायचो. मामींनी तर प्रत्येक बाणाला एक असे सगळे देव संपवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुपारपर्यंत पट्टा टिकला. दोघींची निवड व्हायची होती. एकीचं नक्की होतं आणि दुसऱ्या जागेसाठी मंगल आणि पुण्याची एक मुलगी, अगदी बरोबरीत. शेवटचे तीन बाण उरले.

पहिला बाण सुटला. निशाणावर बरोबर बसला. पण मागं आवाज आला. टर्रर्र.

मंगल थांबली. तिनं धनुष्य खाली घेतलं. वेळ चालू होती. आणि मी शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. पण अकरा वर्षांची सवय! आवाज आला की पाय आपोआप निघतात. माझा एक पाय दोरीच्या पलीकडे गेला आणि हात खिशातल्या पान्याकडे.

त्याच क्षणी माझी मागून कॉलर आवळली गेली. मी वळून बघतो तर मामा! ज्या माणसानं मला चार वर्षांत कधी 'अरे' म्हटलं नव्हतं, तो माणूस दोन्ही हातांनी माझी कॉलर धरून दात आवळून म्हणत होता, "हलायचं न्हाई. जागचं हलायचं न्हाई तू." डाव्या बाजूनं मामींनी शर्ट धरला होता, उजवीकडून शोभानं पट्टा. कमरेचा.

मंगलनं मागं बघितलं. आम्हाला तशा अवस्थेत पाहून तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही, पण दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. तिनं एक-एक स्क्रूवरून बोट फिरवलं. पुढच्या लांब दांडीपाशी बोट थांबलं. खिशातून एलन की, एक वेढा. बाण लावला. ताणला. सोडला. काही आवाज नाही. पुन्हा लावला, ताणला, सोडला.

नावं वाचली तेव्हा तिचं दुसरं होतं. मामांनी तिथूनच पाटसला निरोप धाडला की पोरगी एवढ्यात द्यायची नाही. मामी रडल्या, शोभा रडली, मीही रडलो. मामा मात्र रडताना डोळे खांद्याला पुसत होते, कारण माझी कॉलर त्यांनी अजून सोडली नव्हती.

त्या दिवसापासून त्या घरातला माझा मान गेला तो गेला. आता मला तिथं खुर्ची शोधावी लागते, मीठ कमी म्हटलं तर "घाला मग" म्हणतात आणि मंगल माझ्याशी मोकळेपणानं भांडते, जे मला फार आवडतं. गेल्या महिन्यात गेलो तर मामींचा मिक्सर घरघरत होता. मी उंबऱ्यातूनच नुसतं "काय होतंय त्याला?" असं विचारलं. मामींनी आधी मिक्सर उचलून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि मग मला म्हणाल्या, "या, बसा."